बिडाची पन्हळ भंगारात काढण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुणे–मिरज लोहमार्गाचे आधी मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले आणि आता दुहेरीकरण. मिरज–कुर्डुवाडी नॅरोगेजचेही रुंदीकरण होऊन गेले. अशा प्रत्येक कामात जुन्या वाटेचा एखादा तुकडा बाजूला पडतो आणि त्यावरचे, त्याखालचे, त्याला आडवे गेलेले जुने लोखंड कुणाच्या वहीत राहत नाही. त्यात बिडाचे (ओतीव लोखंडाचे) नळ असतात, इंजिनाला पाणी देणारे खांब असतात, झडपा, तोट्या, टाक्यांच्या प्लेटा असतात. लिलावाच्या यादीत या सगळ्याची नोंद ‘भंगार, अंदाजे इतके टन’ एवढीच होते. ओतकामात आणि कालव्यांच्या देखभालीत आयुष्य गेलेल्या आम्हा काही जणांचे म्हणणे असे की, बीड जुने झाले म्हणून मरत नाही. कोरडे ठेवल्याने, बोल्ट गंजू दिल्याने आणि चुकीच्या वेल्डिंगने ते मरते. या तिन्ही गोष्टी टाळणे आपल्या हातात आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यात आहे. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्यावरचा एडस्टन जलसेतू, म्हणजे कालवा वरून नेणारा पूल, १८१६ साली पूर्ण झाला. लांबी ४७५ फूट, म्हणजे सुमारे १४५ मीटर. विटांच्या खांबांवर बिडाच्या प्लेटा बोल्टने जोडून केलेली पन्हळ आहे आणि तिच्यातून आजही होड्या जातात. या पन्हळीखालून एक रस्ता जातो, एक ओढा जातो, चालू असलेला एक लोहमार्ग जातो आणि एका बंद पडलेल्या लोहमार्गाची वाटही जाते. ती वाट ॲल्सेस्टर शाखेची. ही शाखा १८७६ मध्ये सुरू झाली, पहिल्या महायुद्धात १९१७ साली बंद करून तिचे रूळ उचलले, युद्धानंतर पुन्हा टाकले आणि १९५१ मध्ये ती कायमची बंद झाली. म्हणजे रेल्वे जलसेतूनंतर साठ वर्षांनी आली आणि त्याच्या आधी गेलीसुद्धा. पन्हळ जागेवर आहे.

या सेतूवरची पायवाट पाण्याच्या पातळीला नाही, पन्हळीच्या तळाच्या पातळीला आहे. चालणाऱ्या माणसाच्या छातीशी पाण्याची कड येते आणि होडी त्याच्या डोळ्यांसमोरून सरकते. अशी रचना केल्याने पन्हळ अरुंद ठेवता आली, बीड कमी लागले. तोटाही आहे. होडी जेमतेम मावते, तिने ढकललेल्या पाण्याला बाजूने मागे जायला जागा नसते, त्यामुळे ती जड चालते. वेल्समधल्या १८०५ सालच्या पॉन्टकसिल्टी जलसेतूवर पायवाट पाण्याच्या वर उचलून घेतली आहे आणि पाणी तिच्याखालून फिरते. तिथे बीड जास्त लागले, पण होडी सुखाने जाते.

एडस्टनच्या पन्हळीला एके काळी एक नळ जोडलेला होता आणि खाली थांबलेले वाफेचे इंजिन त्यातून पाणी भरून घेत असे. पाणी आणि रेल्वे यांचे हे नाते आपल्याला परके नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची गाडी गेली, दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. ज्या दिशेने पूर्वी बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी धावत होती, त्याच दिशेने कृष्णेचे पाणी गेले.

आता मुद्द्याचे. बीड दाबाला जबरदस्त आणि ताणाला कमजोर. दाब सोसण्याची त्याची ताकद ताण सोसण्याच्या ताकदीच्या तिप्पट-चौपट असते आणि तुटण्याआधी ते वाकून इशारा देत नाही. म्हणूनच रेल्वेच्या पुलांना बीड मानवले नाही. चेस्टर येथे डी नदीवरच्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या पुलाची बिडाची तुळई २४ मे १८४७ रोजी गाडीखाली तुटली आणि पाच जण गेले. त्याच काळातल्या बिडाच्या पन्हळी मात्र टिकल्या. कारण भाराचा प्रकार वेगळा. गाडी येते, धक्का देते, जाते. पन्हळीतला भार कायम आणि सारखा असतो. होडी आली तरी भार वाढत नाही, ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते.

हिशेब मांडून पाहू. पन्हळ अडीच मीटर रुंद, पाणी दीड मीटर खोल धरा. दर मीटर लांबीला पावणेचार टन पाणी. दोन खांबांत दहा मीटर अंतर असेल तर साडेसदतीस टन. २५ मिमी जाडीची बिडाची प्लेट चौरस मीटरला १८० किलो भरते, म्हणजे त्याच गाळ्यात फ्लँज (प्लेटा जोडण्याची उभी कड) सोडून सुमारे १० टन बीड. तळावर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.१५ किलो, म्हणजे नगण्य. पण बाजूची प्लेट बाहेर ढकलणारा जोर दर मीटरला सव्वाअकराशे किलो असतो आणि तो तळापासून अर्ध्या मीटरवर लागतो. त्यामुळे सगळा पीळ बाजू आणि तळ यांच्या कोपऱ्यात साठतो. पाहणी करणाऱ्याने आधी तिथे पाहावे. कोपऱ्याची फ्लँज, तिचे बोल्ट आणि बाहेरचे ब्रॅकेट शाबूत असतील तर बाकीची प्लेट सहसा दगा देत नाही.

दुसरे पाहायचे ठिकाण म्हणजे जुन्या रुळांच्या बरोबर वरचा गाळा. कोळशाच्या धुरातला गंधक आणि वाफ वर्षानुवर्षे नेमकी त्याच जागी आदळलेली असते. वरून रंग लावलेला असतो, म्हणून प्लेट धडधाकट दिसते. तळाच्या फ्लँजला खिशातल्या चाकूचे टोक टेकवून ओढावे. चांगल्या बिडावर नुसती चकचकीत रेघ उठते. बीड सडलेले असेल तर चाकू आत शिरतो आणि पेन्सिलच्या शिशासारखी काळी, मऊ भुकटी बोटाला लागते. त्यातले लोखंड विरघळून गेलेले असते, ग्रॅफाइट तेवढे मागे उरते. आकार तोच, कडा तशाच, ओतताना उठलेली वाळूची खूणसुद्धा दिसते, पण ताकद शून्य. चाकू किती मिलिमीटर शिरला ते मोजून खडूने तिथेच लिहावे.

जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक मीटर आणतात. ते पोलादावर जुळवून घेतलेले असेल तर बिडावर खोटे बोलते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर, करड्या बिडात साधारण ४६००. त्यामुळे २५ मिमीची प्लेट मीटरवर ३२ दिसू शकते आणि अहवालात ‘जाडी पुरेशी’ असा शेरा पडतो. त्याच सेतूच्या एखाद्या मोकळ्या कडेवर व्हर्नियरने जाडी मोजावी, मीटर तिथे जुळवून घ्यावे, मगच पुढे जावे.

हातोडीची परीक्षा जुनी असली तरी खरी आहे. पाव किलोची हातोडी हलकी मारावी. सलग प्लेट खणखणीत वाजते, तडा असलेली बद्द. पन्हळ भरलेली असताना मात्र सगळेच बद्द वाजते, तेव्हा ही परीक्षा आवर्तन संपल्यावरच करावी. तडा कुठे संपतो ते डोळ्यांना दिसत नाही. तड्यात मुरणारे लाल रंगाचे डाय-पेनिट्रंट लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पुसावे, पांढरा डेव्हलपर फवारावा. ते हाताशी नसेल तर रॉकेल लावून कोरडे पुसावे आणि खडूची पूड चोळावी. तड्यात मुरलेले रॉकेल रेघ दाखवते. दोन्ही टोकांना सहा ते आठ मिमीचे भोक पाडले की तडा पुढे सरकायचे थांबतो. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि तेच बहुतेक वेळा राहून जाते.

वेल्डिंगबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते. पाणी गळते म्हटले की ठेकेदार वेल्डर पाठवतो आणि वेल्डर साध्या पोलादी रॉडने टाका मारतो. बिडात कार्बन अडीच ते चार टक्के. वेल्डशेजारचा पट्टा तापून झटकन थंड होतो आणि काचेइतका ठिसूळ बनतो. टाका निवताना आकसतो आणि हा ठिसूळ पट्टा ओढून फाडतो. मूळ तडा चार इंच असेल तर महिन्याभरात टाक्याच्या दोन्ही बाजूंनी नवे दोन निघतात. कारखान्यात अख्खे कास्टिंग भट्टीत तापवून, बिडाच्या रॉडने जोडून, राखेत किंवा वाळूत सावकाश निववले तर वेल्ड धरते. उभ्या सेतूवर ते शक्य नाही. निकेलचा रॉड, एका वेळी २०–२५ मिमी, लगेच हातोडीने हलके ठोकणे, हाताला सोसेल इतके निवल्यावर पुढचा टाका, असे केले तर किरकोळ जागी चालते. मुख्य प्लेटच्या तड्याला थंड शिवण हाच मार्ग. तड्याला आडवी भोके पाडून त्यात निकेलमिश्रित धातूचे कुलूप-टाके ठोकतात, मग तड्याच्या रेषेवर एकमेकांत शिरणारे आटेवाले खुंटे बसवतात. कुठेही उष्णता नाही. पंपाच्या आणि इंजिनाच्या फुटलेल्या ब्लॉकसाठी ही पद्धत सर्रास वापरतात.

सांधे हा वेगळा विषय. जुन्या काळी पॉन्टकसिल्टीच्या प्लेटांमध्ये साखरेच्या पाकात उकळलेले लोकरी कापड घालून शिशाने सांधा बंद केला होता. पुढे गंजाचा सिमेंट रूढ झाला. वजनाने ८० भाग बिडाचा कीस, २ भाग गंधकाची पूड, १ भाग नवसागर, पाण्यात कालवून सांध्यात ठोकायचा. सावकाश धरायला हवा असेल तर २०० भाग कीस, १ भाग गंधक, २ भाग नवसागर. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच. हा लगदा गंजताना फुगतो आणि सांधा आवळून धरतो. फुगतो म्हणूनच जपून वापरावा. खच्चून भरला तर फ्लँज फोडतो. शिवाय तो दगडासारखा कडक होतो, म्हणून जिथे सांध्याला हलायचे आहे तिथे तो चालत नाही. १४५ मीटरची पन्हळ तापमानात ३० अंशांचा फरक पडला की ४५ ते ५० मिमी लांब-आखूड होते. अशा सरकत्या सांध्यात आज पॉलिसल्फाइड किंवा ईपीडीएम रबर घालावे.

इथेच कोरडेपणाचा प्रश्न येतो. भरलेल्या पन्हळीचे तापमान पाण्याच्या तापमानाबरोबर राहते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे रिकामी पन्हळ दुपारी ६० अंशांपर्यंत तापते आणि पहाटे निवते. रोज ताणणे, रोज आकसणे. सांध्यातले जुने शिसे सैल होते, त्यातला दोरा वाळून चुरतो, बोल्टच्या भोकात खेळ पडतो. त्यात वळवाचा पाऊस पडला की आतून ओले-कोरडे होऊन गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि दोन फ्लँजांच्या मध्ये साठला की पाचरीचे काम करतो. पाणी सोडायचे बंद झाले तरी पन्हळीत निदान फूटभर पाणी कोंडून ठेवावे. पाहणीसाठी रिकामी करायची तर एकदम नको. एक तृतीयांश पाणी काढावे, एक दिवस थांबावे, खांबांवरच्या खुणांची लेव्हल घ्यावी, मग पुढचे. भरतानाही तसेच.

मूळचे बोल्ट घडीव लोखंडाचे असतात आणि प्लेटच्या आधी तेच जातात. बदलताना एका वेळी एकच काढावा, शेजारचे दोन कधीही एकत्र नाहीत. हाय-टेन्साइल बोल्ट घालून लांब पाना लावून आवळणे ही आणखी एक घोडचूक. त्या जोराने बोल्ट तुटत नाही, फ्लँज तुटते. साधा बोल्ट, खाली रुंद वॉशर, हाताच्या पान्याने मधून कडेकडे आवळत जावे. स्टेनलेस बोल्ट वापरायचाच तर खाली नायलॉनचे बुश आणि वॉशर हवेत, नाही तर त्याच्याभोवतीचे बीड गंजत राहते.

आपल्या काळ्या मातीचा एक धोका इंग्लंडच्या पुस्तकांत सापडणार नाही. खांबाच्या एका अंगाला गळती पडली की तिथली माती फुगते, दुसऱ्या अंगाची उन्हाने आकसते आणि खांब केसभर कलतो. विटांच्या किंवा दगडी खांबाला त्याचे काही वाटत नाही, पण वरच्या बिडाला वाटते. सांधा उघडतो, गळती वाढते, माती आणखी फुगते. म्हणून गळती दिसली की आधी ते पाणी पत्र्याच्या पन्हळीने किंवा पाइपने खांबापासून दूर न्यावे, सांध्याचे काम नंतर. खांबाभोवती मुरूम दाबून उतार द्यावा. फटीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नये, विटा निघतात. कापून बुंध्याला औषध लावावे आणि फटी चुन्यानेच भराव्यात. सिमेंटने भरल्या तर ओल आत कोंडते.

रेल्वे गेली की खालच्या वाटेचे काय होते, हे सगळ्यांना माहीत आहे. भरावाचा मुरूम ट्रॉल्यांनी उचलला जातो आणि खांबाचा पाया उघडा पडतो. रेल्वेची गटारे बुजतात, खांबाच्या बुडाशी पाणी तुंबते. मग त्याच वाटेने उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. वरपर्यंत रचलेली मोळी किंवा ट्रकचा हौदा तळाच्या फ्लँजला एकदा लागला तरी पुरे. दोन्ही बाजूंना, सेतूपासून पंधरा-वीस मीटर अलीकडे, रुळाच्या तुकड्यांची, उंच वाहन आधीच अडवणारी हाइट गेजची कमान उभारणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्लेट अगदीच गेली असेल तर नवी ओतता येते आणि ती ओतणारी माणसे आपल्याच भागात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना थाटला, तिथे बिडाचे नांगर झाले. आज सांगली, मिरज, पलूस, कोल्हापूर पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या फाउंड्रीला हे काम अवघड नाही. आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे करड्या बिडाची एफजी २०० ग्रेड घ्यावी. पॅटर्नला (साच्याच्या नमुन्याला) मीटरमागे १० मिमी आकसण, जिथे मशीन मारायचे त्या फ्लँजला ३ ते ५ मिमी जादा. प्लेट आणि फ्लँज यांच्या कोपऱ्यात भरपूर गोलाई ठेवावी, काटकोन ठेवला तर तडा तिथूनच सुटतो. मोठी सपाट प्लेट घाईने साच्यातून काढली की वळते, म्हणून रात्रभर वाळूतच राहू द्यावी. एसजी आयर्नची (गोल कणांच्या ग्रॅफाइटच्या बिडाची) प्लेट जास्त चिवट असते म्हणून ती सुचवली जाते. पण ती ताठही जास्त असते, शेजारच्या जुन्या प्लेटांपेक्षा जास्त भार आपल्याकडे ओढते आणि सांध्यावरच्या ताणाची वाटणी बदलते. एखाददुसरी प्लेट बदलायची असेल तर करडे बीडच बरे.

आपल्या भागातले कालव्यांचे जलसेतू बहुतेक दगडी किंवा काँक्रीटचे आहेत, हे आम्ही जाणतो. पण ओढ्यांवरून आणि भरावातून गेलेले बिडाचे नळ, त्यांचे शिशाचे सांधे, टाक्यांखालचे बिडाचे खांब, जुन्या झडपांची शरीरे यांना वरचा प्रत्येक शब्द लागू पडतो. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या नव्या पाइपलाइनी आणि जलसेतू दिमाखात उभे असताना या जुन्या नळांकडे पाहायला कुणाला वेळ नाही. खरी अडचण मालकीची आहे. ओलांडणीच्या जागी, म्हणजे नळ लोहमार्गाला आडवा जातो तिथे, जमीन रेल्वेची, नळ नगरपालिकेचा किंवा पाटबंधाऱ्याचा. रेल्वे उठली की जमिनीचा ताबा बदलतो आणि नळाखाली शिरून पाहण्याचा हक्क कागदावर कुणाकडेच उरत नाही. डर्बीशायरमधल्या बुलब्रिज येथे १८४० च्या सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यांना कालव्याखालून रेल्वे न्यायची होती. त्यांनी बिडाची पन्हळ आधी जोडून घेतली, कालव्यातूनच तरंगत आणली आणि जागेवर बुडवून बसवली, वाहतूक जेमतेम अडली. इतक्या नजाकतीने बसवलेली ती पन्हळ १९६८ मध्ये रस्त्यासाठी पाडली गेली. एडस्टन वाचला, कारण त्या कालव्याला मालक मिळाला. नॅशनल ट्रस्टने तो १९६० मध्ये हाती घेतला, स्वयंसेवक, लष्करी जवान आणि कैदी यांनी गाळ उपसला आणि १९६४ मध्ये पाणी पुन्हा वाहते झाले.

आमची मागणी मोठ्या निधीची नाही. रेल्वे, जलसंपदा विभाग आणि त्या त्या नगरपालिकेने येत्या उन्हाळी आवर्तनानंतर, पावसाळ्यापूर्वी, जुन्या व चालू लोहमार्गांवरच्या पाण्याच्या ओलांडण्यांची एकत्र पाहणी करावी. सोबत चाकू, हातोडी, व्हर्नियर आणि कॅमेरा पुरेसा आहे. प्रत्येक ओलांडणीसाठी एक पान: कुठे, किती लांब, सांधा कसला, गळती कुठे, तळाची जमीन कोणाची, पाहणीला वाट कोणती. लिलावाच्या यादीत बीड वेगळे दाखवावे आणि त्यावर ओतलेले वर्ष, कारखान्याचे नाव किंवा नक्षी असेल तर फोटो काढल्याशिवाय हातोडा पडू नये. चालू नळावर वेल्डिंगचा ठेका देताना ‘बिडावर पोलादी रॉड वापरू नये’ ही एक ओळ निविदेत घालावी. पाहणीला आमच्यापैकी जे हिंडू-फिरू शकतात, ते विनामोबदला येतील.

आपले,
ओतकाम व पाटबंधारे क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ,
सांगली